पुसलेली बुरशी श्रावणात परत का येते? दफ्तर, पोथ्या आणि स्कॅन सांभाळणाऱ्यांसाठी

वैशाखात कपाटं रिकामी करून पुसली, कडुलिंबाचा पाला घातला, डांबराच्या गोळ्या टाकल्या, दारं घट्ट लावली. नारळी पौर्णिमेच्या सुमारास कपाट उघडलं तर पुठ्ठ्यांवर पुन्हा पांढरी-हिरवी लव. ये रे माझ्या मागल्या. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत गावोगावची वाचनालयं, देवस्थानांची दफ्तरं, शाळांची जुनी रजिस्टरं, घरातले मोडी कागद, सगळीकडची तक्रार हीच.

कारण साधं आहे. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच, कितीही पुसलं तरी ते संपत नाहीत. ते रुजणार की नाही, हे ओलावा ठरवतो. कागदाभोवतालची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढं बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे, ते) 65 टक्क्यांच्या खाली राहिली तर बहुतेक बुरशी निपचित पडून राहते. 70 च्या वर काही दिवस सलग राहिली की ती उगवते. जुलैत किनाऱ्यावरची हवा आठवडेच्या आठवडे 85 ते 90 टक्क्यांवर असते. अशा हवेत नुसतं पुसणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. म्हणून आधी मोजमाप, मग कारण, मग हवा आणि भिंत, आणि पुसणं सगळ्यात शेवटी, हा क्रम सोडू नका.

मोजमाप

पाचशे-सातशे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतेचा मापक, पुरतो, पण दोन घ्या: एक कपाटाच्या आत, एक खोलीत. नवा मापक खरा धरून चालू नका. त्याची परीक्षा घरच्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि थेंबथेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये, मीठ विरघळूनही जाऊ नये. हे झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत किंवा काचेच्या बरणीत एकत्र ठेवून बारा तास हलवू नका. आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिर होते. मापक 70 दाखवत असेल तर तो 5 ने कमी दाखवतो. ही चूक मापकाच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा आणि दरवर्षी पावसाच्या तोंडावर परीक्षा पुन्हा करा. खाऱ्या हवेत हे मापक लवकर बिघडतात.

दफ्तरात नव्याने कामाला आलेल्या मुलामुलींना पहिलं काम हेच द्यावं: सकाळी दहा आणि दुपारी चार, दोन्ही वेळी तापमान आणि आर्द्रता वहीत टिपायची, शेजारी पाऊस होता का, खिडकी उघडी होती का, लाईट गेली होती का एवढं लिहायचं. महिन्याभरात ती वही वाचता येऊ लागते. खोलीत 72 आणि कपाटात 83 असा फरक दिसला तर दोष कपाटाच्या आत किंवा पाठीमागे आहे. दोन्हीकडे 85 असेल तर दोष हवेचा.

बुरशी कुठे उगवली आहे?

पुसण्याआधी फोटो काढा, कारण बुरशी बसली आहे तीच जागा कारण सांगते.

भिंतीकडच्या पुठ्ठ्यांवरच जास्त असेल तर भिंत ओली आहे. फक्त खालच्या फळीवर असेल तर ओल जोत्यातून किंवा जमिनीतून चढते आहे. सगळ्या फळ्यांवर, विशेषतः कापडी बांधणीवर आणि चामडी पाठींवर पातळ सारखा थर असेल तर हवाच दमट आहे. कापडाच्या बांधणीतली खळ, म्हणजे पिठाचा चिकटा, हे बुरशीचं आवडतं अन्न, त्यामुळे शेजारचा साधा कागद कोरा राहून फक्त बांधणीच भरलेली दिसते. एखादाच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, किंवा एकच पिशवी बुरशीने भरलेली असेल तर तो गठ्ठा आत येतानाच सादळलेला होता, किंवा कोणीतरी तो पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बांधला होता.

पानं उलटताना पिठाच्या कणाएवढे पांढुरके किडे पळताना दिसले तर तीही खूण समजा. ते बुरशी खाऊन जगतात, म्हणजे डोळ्यांना दिसत नसली तरी बुरशी तिथे आहे. कसर मात्र पिठूळ चिकटा आणि कागद दोन्ही कुरतडते. तिचे चट्टे वेडेवाकडे खरवडल्यासारखे दिसतात, त्यांना बुरशी समजू नका.

भिंतीबद्दल शंका असेल तर एक फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला पक्कं लावा आणि दोन दिवस ठेवा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला धरले तर ओल भिंतीतली. पुढच्या बाजूला धरले तर ती खोलीच्या हवेतली.

"हवा खेळती ठेवा" हा सल्ला पावसाळ्यात का फसतो

सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं, म्हणून इथे थोडं गणित करू. 12 फूट लांब, 12 फूट रुंद आणि 10 फूट उंच खोलीत साधारण 41 घनमीटर हवा असते. 28 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असताना दर घनमीटरमध्ये सुमारे 24 ग्रॅम बाष्प असतं, 60 टक्क्यांना 16 ग्रॅम. म्हणजे बाहेरची खोलीभर हवा एकदा आत आली की तिच्याबरोबर 330 ग्रॅमच्या आसपास जादा पाणी येतं. खिडक्या लावूनही फटींतून तासाला एकदा हवा बदलते असं धरलं तर दिवसाला 8 लिटर. खिडक्या सताड उघड्या ठेवल्या आणि हवा तासाला दहा वेळा बदलली तर 80 लिटर. तेवढं पाणी काढणारं घरगुती यंत्र नाही.

म्हणून मृगापासून परतीच्या पावसापर्यंत दफ्तराच्या खोलीच्या खिडक्या बंद. दाराखाली रबरी पट्टी, खिडकीच्या चौकटीला फोमची पट्टी, कौलारू छत असेल तर खाली छताची फळी किंवा निदान जाड ताडपत्री ताणून लावलेली. पंखा चालू ठेवायला हरकत नाही. त्याने आर्द्रता कमी होत नाही, पण कोपऱ्यात हवा साचून राहत नाही. खिडकी कधी उघडावी? बाहेरची आर्द्रता आतल्यापेक्षा कमी आणि बाहेरचं तापमान आतल्याइतकं किंवा त्याहून कमी असेल तेव्हाच. हिवाळ्यात मतलई वाहत असते तेव्हा असे बरेच तास मिळतात. जुलैत जवळजवळ नाहीतच.

आता यंत्राविषयी. आर्द्रता काढणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, घेताना खोक्यावरची क्षमता जशीच्या तशी धरू नका. ती बहुधा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेली असते. खोली 60 टक्क्यांवर आली की तेच यंत्र जेमतेम निम्मं पाणी काढतं. वर गणित केलेल्या खोलीसाठी 20 लिटरचं यंत्र हवं ते यासाठी. 350 वॉटचं यंत्र दिवसभर चाललं तर 8 युनिटच्या आसपास वीज लागते, त्याची तरतूद समितीकडून आधीच मंजूर करून घ्या. यंत्र 55 टक्क्यांवर लावा.

पहिले पंधरा दिवस आकडा हलत नाही म्हणून "यंत्र बेकार निघालं" असं ठरवून लोक ते बंद करतात. यंत्र ठीक असतं, पाणी कागदात असतं. 85 टक्क्यांवरचा 100 किलो कागद 55 पर्यंत आणायचा तर साधारण 5 लिटर पाणी त्याच्यातून बाहेर पडावं लागतं, आणि बांधलेल्या जाड रजिस्टरातून ते हळूहळूच पडतं. भरलेल्या एका लोखंडी कपाटात 200 किलो कागद सहज असतो. धीर धरा, वहीतले आकडे दिवसाला अर्ध्या-एका टक्क्याने उतरताना दिसतील.

यंत्र बंद पडतं ते तीन ठिकाणी. बादली भरली की तरंगता खटका यंत्र थांबवतो, म्हणून बादलीवर न राहता नळी जोडून उतार देऊन बाहेर सोडा. त्या नळीत शेवाळ धरतं, दर महिन्याला ती काढून धुवा. दुसरं, लाईट जाऊन आली की बटणांच्या पॅनलची काही यंत्रं आपोआप सुरू होत नाहीत. विकत घेण्याआधी दुकानातच चालू यंत्राचा प्लग काढून परत लावून बघा. तिसरं म्हणजे जाळी. धूळ आणि खार बसून हवा कमी जाते, ती दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुवून वाळवून लावा.

एसी हा त्याला पर्याय नाही, निदान दिवसा चालू आणि रात्री बंद असा तरी नाहीच. 28 अंश आणि 90 टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं तो, 26 अंशांच्या आसपास असतो. दिवसभर 22 अंशांवर गार झालेल्या पुठ्ठ्यांवर आणि लोखंडी फळ्यांवर रात्री बाहेरची हवा आली की अक्षरशः पाणी सुटतं. एसी वापरायचा तर चोवीस तास. नाहीतर तो दफ्तराच्या खोलीत नको, वाचकांच्या खोलीत लावा.

कपाटात दिवा ठेवण्याची जुनी पद्धत थोडीफार उपयोगी होती, कारण जुना बल्ब तापायचा. हवा 28 वरून 32 अंशांवर गेली की तेवढ्याच बाष्पाची आर्द्रता 85 वरून 68 च्या आसपास उतरते. एलईडी दिवा तापत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. जुना बल्ब शोधून कपाटात ठेवण्याच्या फंदात पडू नका, कागदाजवळ तो आगीला निमंत्रण आहे.

भिंत

जांभ्याचा चिरा पाणी शोषतो आणि धरून ठेवतो. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतींवर झड बसते, तिथे कपाट ठेवूच नका. आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीला लावा, तेही अर्धा फूट सोडून, म्हणजे मागून टॉर्च मारून बघता येतं. खालची फळी जमिनीपासून निदान 6 इंच वर. जमिनीला टेकलेला एकही गठ्ठा नको.

गिलाव्याला लोणा धरला असेल, पोपडे सुटत असतील, तर वरून ऑइलपेंट मारून ओल जात नाही. ती आतल्या आत वर चढते आणि रंगाच्या वरच्या कडेला बाहेर पडते. पाण्याचा रस्ता आधी बघा. पागोळ्या जोत्याच्या पायथ्याशी पडतात का? पन्हळ पानांनी तुंबली आहे का? बाहेरची माती जोत्याच्या वर आली आहे का? आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, कामांत पन्हळ साफ करणं, फुटकी कौलं बदलणं आणि पश्चिमेला झापं किंवा ताडपत्री बांधणं ही तीन कामं दफ्तरासाठी कुठल्याही औषधापेक्षा मोलाची आहेत.

यंत्राला पैसे नसतील तर

मग सगळं वाचवायला जाऊ नका, निवड करा. सर्वांत मोलाचे कागद रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात ठेवा. पीव्हीसीच्या पिशव्या आणि लॅमिनेशन दोन्ही वर्ज्य. डबे भरायचे ते डिसेंबर ते फेब्रुवारीत, कोरड्या दुपारी, मापक 55 च्या आसपास असताना. जुलैत भरलेला हवाबंद डबा म्हणजे आत ओल कोंडणं. 30 लिटरच्या डब्याला अर्धा ते पाऊण किलो नारिंगी सिलिका जेल पातळ सुती पिशवीत घालून ठेवा, कागदाला थेट लागू देऊ नका. निळं जेल कोबाल्टचं असतं, ते टाळा. नारिंगी रंग गेला की जेल ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर तीनेक तास तापवून पुन्हा वापरता येतं. खोलीत किंवा उघड्या कपाटात जेलच्या पुड्या टाकून मात्र काही साधत नाही, त्या एका दिवसात भरतात.

डांबराच्या गोळ्यांनी ओल कमी होत नाही, बुरशीही मरत नाही, आणि वास तिथे काम करणाऱ्यांच्या फुप्फुसात जातो. थायमॉल या बुरशीनाशकाची धुरी दिलेल्या कागदावर पुढच्या दमट आठवड्यात नवी बुरशी खुशाल उगवते.

आता पुसणं

खोलीची आर्द्रता 60 च्या खाली येऊन आठवडाभर टिकली की मगच. जिवंत बुरशी मऊ आणि ओलसर असते, ब्रश लावला की फासली जाऊन धाग्यांत शिरते. वाळलेली भुकटीसारखी झडते. कडेच्या एका कोपऱ्यावर मऊ कोरडा ब्रश टेकवून बघा: फासली तर थांबा, अजून वाळू द्या. उन्हात मात्र वाळवू नका. वाळवणाची सवय आपल्या हाडीमासी असली तरी उन्हाने शाई उडते, कागद पिवळा पडून वाकतो. सावलीत, पुस्तक अर्धवट पंख्यासारखं उघडून उभं, पंखा भिंतीकडे तोंड करून.

एन-95 मास्क, नायट्राइलचे हातमोजे, जुना सदरा. दमा किंवा अॅलर्जी असलेल्यांना हे काम देऊ नये. व्हॅक्यूम क्लीनर हेपा फिल्टरचाच, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचा, हवा. साधा क्लीनर बीजाणू मागच्या बाजूने खोलीभर उडवतो. नळीच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बांधा, म्हणजे सुटलेला कपटा आत जाणार नाही. एका हातात नळी पानापासून दोन-तीन बोटं दूर, दुसऱ्या हातात शेळीच्या केसांचा मऊ ब्रश, आणि झटका शिवणीकडून बाहेर, नळीच्या दिशेने. हेपाचा क्लीनर नसेल तर पडवीत, वाऱ्याकडे पाठ करून, नुसत्या ब्रशने करा. खोलीत नको.

पाणी, ओलं फडकं, डेटॉल, ब्लीच, लिंबू काहीही कागदाला लावू नका. मोडी कागदांची काजळीची शाई डिंकात घोटलेली असते, ती पाण्याने सुटते. जांभळे शिक्के आणि कॉपिंग पेन्सिलीची अक्षरं स्पिरिटने पसरतात. रुमालाचं लाल कापड ओलं झालं तर रंग कागदावर उतरतो. 70 टक्के अल्कोहोल फक्त लोखंडी फळ्यांना, आणि फळी पूर्ण सुकल्याशिवाय गठ्ठा परत ठेवायचा नाही. जांभळे-तपकिरी डाग राहिले तर राहू द्या. ते काढायच्या नादात कागद जातो. गंजलेल्या टाचण्या या वेळीच, पान खाली टेकवून, पातळ पत्र्याने उचकटून काढा आणि त्या जागी सुती दोरा वापरा.

पुराचं किंवा गळतीचं पाणी थेट कागदात गेलं असेल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा. 48 तासांत बुरशी धरते. चिपळूणमध्ये 2005 आणि 2021 च्या जुलैत पूर आला तसं पाणी आलं तर हजारो पुस्तकं हातांनी वाळवणं शक्यच नसतं. अशा वेळी ती गोठवावी. आपल्याकडे मासळीचे आणि आंब्याच्या रसाचे कारखाने आहेत, त्यांच्या शीतगृहांत उणे 18 ते 20 अंश तापमान असतं. पावसाआधीच जवळच्या कारखान्याशी बोलून ठेवा. पुस्तकं पॉलिथिनमध्ये सुटी गुंडाळून, पाठ खाली करून, आंब्याच्या क्रेटमध्ये एकाच थरात. गोठवल्याने बुरशी मरत नाही, थांबते, आणि नंतर थोडी थोडी बाहेर काढून वाळवायला महिने मिळतात.

स्कॅनवरची बुरशी

"स्कॅन करून टाकलं की सुटलो" असं नाही. बुरशी लागलेला गठ्ठा स्कॅनरवर ठेवला तर काचेवरून बीजाणू पुढच्या स्वच्छ गठ्ठ्यात जातात. आधी साफ, मग स्कॅन, आणि दर गठ्ठ्यानंतर काच पुसायची. सादळलेला कागद फुगतो, त्यामुळे पानाचा मधला भाग धूसर येतो. तो कॅमेऱ्याचा दोष समजून लोक फोकस बदलत बसतात. स्कॅनचं काम हिवाळ्यात ठेवा. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि काच कायमची खाते, म्हणून कॅमेराही काम संपल्यावर जेलच्या डब्यात.

स्कॅनची मूळ प्रत टिफ फाइलमध्ये, निदान 300 पीपीआय (इंचाला इतके ठिपके), बारीक मोडीसाठी 400. फाइलची नावं रोमन लिपीत, अंकांसह: रुमाल क्रमांक, दस्त क्रमांक, पान, पाठ की पोट. देवनागरी नावं झिपमधून दुसऱ्या संगणकावर गेली की कधीकधी चिन्हांचा गोंधळ होतो आणि हजार फाइलींचा क्रम मोडतो.

फाइल उघडते पण खालचा अर्धा भाग राखाडी दिसतो, हा पावसाळ्यातला नेहमीचा बिघाड. बहुतेक वेळा कॉपी चालू असताना लाईट गेलेली असते किंवा डिस्क इजेक्ट न करता ओढलेली असते. दुसरं कारण खारी हवा. यूएसबीच्या पिनांवर हिरवट थर धरतो आणि डिस्क मध्येच तुटते. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या काडीने पुसा, पूर्ण सुकू द्या, केबल बदला, यूपीएस असल्याशिवाय कॉपी सुरू करू नका.

नुसतं उघडून बघून फाइल शाबूत असल्याची खात्री पटत नाही. स्कॅन संपल्या दिवशीच प्रत्येक फाइलचा शा-256 ठसा काढून यादी करा. हा फाइलच्या मजकुरावरून निघणारा अक्षर-अंकांचा ठसा, फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो. विंडोजमधल्या सर्टयूटिल या आज्ञेने एकेका फाइलचा निघतो, पूर्ण फोल्डरसाठी फाइली आणि त्यांचे ठसे एकत्र बांधणारी बॅगइट पद्धत सोयीची. तीन प्रती ठेवा: एक कामाच्या संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी घाटावर, पुण्याला किंवा कोल्हापूरला, कारण किनाऱ्यावरच्या दोन प्रती एकाच वादळात जाऊ शकतात. जुन्या सीडींवरचं सगळं आत्ताच उतरवून घ्या. गणपती झाले की डिस्का बाहेर काढून ठसे यादीशी ताडून बघा, आणि जी फाइल जुळत नाही ती त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीवरून बदला. नंतर करू म्हटलं तर ती बिघडलेली फाइल पुढच्या बॅकअपमध्ये चांगल्या फाइलीवर चढते.